रंभाच्या नावाचा घास

मंडईच्या दिवशी सकाळी तलावावर धुकं इतकं दाट उतरलं होतं, की पलीकडची पाळ दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती. तिकडं आमराईत इनायत चुडीवाला ढोलकीच्या दोऱ्या आवळत होता. आवळायचा, एक थाप टाकायचा, कान लावायचा, पुन्हा आवळायचा. रुखमाबाई घाटावर गुडघाभर पाण्यात उभी होती. घागर केव्हाच भरली होती आणि काठावरून पाणी परत तलावात जात होतं, पण तिला त्याचा पत्ता नव्हता.

वर्षभर इनायत बाजारोबाजारी बायकांना बांगड्या भरायचा आणि दिवाळी सरली, गावोगाव मंडईची जत्रा भरू लागली, की खड्या गमतीत ढोलकी धरायचा. चांद्याच्या शाळेत गंमत म्हणजे थट्टा. इकडं झाडीपट्टीत गंमत म्हणजे भरदुपारी झाडाखाली उभं राहून गायची, नाचायची आणि सवालजवाबात भांडायची गोष्ट. पुढं शाहीर, मागं डफ, तुणतुणं, ढोलकी आणि मधोमध लुगडं नेसलेला नाच्या. कुणी खाली बसत नाही म्हणून ती खडी. चांद्याचे शिकलेले लोक तिला तमाशा म्हणून नाक मुरडतात. मग तेच लोक तसंच मुरडलेलं नाक घेऊन आंब्याच्या बुंध्याआड तासन् तास उभे राहतात, ते सोडा.

"वयनी! पानी आनाले आल्या का ढोलकी आयकाले?"

काठावर गुणवंतराव उभे होते. रुखमाबाईचे धाकटे दीर, चांद्याच्या शाळेचे हेडमास्तर. धुक्यात त्यांची काळी टोपी आधी दिसली आणि चेहरा मागून आला. चांद्यात ते पुस्तकासारखं बोलत, पण तलावाच्या काठावर आले की त्यांची जीभ घरची होई.

"पानीच भरून राह्यली भाऊजी."

"घागर तं कवाची भरली." मास्तर एक पायरी खाली उतरले. "आयका. पाव्हने येऊन राह्यले. त्यायच्यासमोर गमतीचं नाव निघालं नाई पायजे. मागच्या खेपेस का झालं, ध्यानात हाय न?"

ध्यानात नसायला काय झालं? मागच्या खेपेस वरोऱ्याकडचे पाहुणे सगुणाला बघून, पानसुपारी खाऊन उठले आणि दारात जाऊन विचारते झाले, "तो नाच्या होता, तो याच घरचा का?" सगुणा आतून ऐकत होती. पाहुणे गेले ते गेलेच. सगुणा मास्तरांची पोर खरी, पण रुखमाबाईला मूलबाळ नव्हतं आणि पोर वाढली ती तिच्याच कुशीत. त्या दिवशी पोरीनं चुलीकडं तोंड करून भाकरी थापल्या होत्या, एकही नीट गोल झाली नव्हती.

"नाई निघनार नाव," रुखमाबाई म्हणाली.

"भाऊलेही सांगा. तुमचं आयकते थो."

मास्तर गेले. पलीकडं इनायतचा सूर जमेल तेवढा जमला असावा, कारण आता थापा सुट्या राहिल्या नव्हत्या, एकीच्या मागं दुसरी चालू लागली होती. पाण्याखाली रुखमाबाईच्या पायाचा अंगठा हलला. तिनं खाली पाहिलं आणि कुणीतरी बघितल्यासारखी लाजली. मग घागर उचलून ती घराकडं निघाली, आणि वाटेत तिला नेहमीसारखंच माहेर आठवलं.

माहेरच्या गावी मंडई भरायची ती मोहाच्या झाडाखाली. ती तेव्हा लग्नाची होती, आणि लग्नाच्या पोरींनी गंमत लांबून बघायची, दात दिसू द्यायचे नाहीत, अशी शिस्त होती. त्या दिवशी हिरवं लुगडं नेसून एक नाच्या उभा राहिला. रंभा, रंभा असा एकच गलका झाला. रंभानं कमरेवर घागर नसताना घागर धरली आणि गौळण उचलली, 'पाण्याले जाऊ कशी बाई, मोहानं अडवली वाट.' आता हा मोह म्हणजे झाड की देव की मनातला, हे तिचं तिनंच ठरवायचं ठेवलं होतं. एकदा ती झाडाच्या बुंध्याला अडली, एकदा न दिसणाऱ्या कृष्णाला आणि एकदा उगाच, मोकळ्या वाटेवर अडली. त्या मोकळ्या वाटेवर ती थबकली तेव्हा रुखमा लांबून दोन पावलं पुढं सरकली. बाई असून आपल्याला असं पाण्याला जाता येत नाही, असं तिला वाटलं. आपण रोज जातो ते नुसतं पाणी आणायला.

गंमत संपल्यावर रंभा त्यांच्या अंगणात आली. तोंडावरचा रंग घामानं ओघळला होता. ओंजळ पुढं करून ती चक्क पुरुषी, घोगऱ्या आवाजात म्हणाली, "बाई, पानी पाज वो." रुखमा फसकन हसली आणि अर्धं पाणी त्याच्या पायावर गेलं. पुढच्या उन्हाळ्यात मुखरू नावाच्या पोराचं स्थळ आलं. चुलत्यानं नाक मुरडून "नाच्या हाय" म्हटलं तेव्हा तिनं पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरली आणि "तुमी म्हनाल तसं" म्हणाली. एवढं मोठं खोटं ती आयुष्यात पुन्हा बोलली नाही.

लग्नानंतर मुखरू दोन-तीन मंडया नाचला. मग गुणवंतराव मास्तर झाले आणि शाळेतल्या बाकीच्या मास्तरांनी त्यांचं नाव 'नाच्याचा भाऊ' पाडलं. ते एका रविवारी घरी येऊन ओसरीवर रडले. मुखरूनं भावाकडं पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या बायकोकडं पाहिलं आणि विचारलं, "तुले का वाटते?" सासू-सासरे समोर होते. रुखमाबाईनं पदर दातात धरला. मुखरूनं ती लाज समजून मान डोलावली आणि हिरवं लुगडं त्याच दिवशी बोहारणीला देऊन टाकलं. त्यावर दोघांत पुन्हा शब्द निघाला नाही. तो समजून होता, की बायकोला नाच्याची लाज वाटते. ती समजून होती, की त्याला आता त्या दिवसांची लाज वाटते. संसार सुखाचा झाला, पण त्या एका कोपऱ्यात दोघांनीही कधी झाडू मारला नाही.

घरी आली तेव्हा मुखरू ओसरीवर पळसाच्या पत्रावळी टाचत बसला होता. केस पांढरे झाले होते, कंबर अजून सरळ होती.

"भाऊजी सांगत होते," ती घागर उतरवत म्हणाली, "गमतीचं नाव काढू नोका म्हनून."

"म्या कवा काढलं?" तो हसला. "इनायतची ढोलकी आज उतरली हाय थोडी. धुकं हाय न." आणि जीभ चावून पुन्हा पत्रावळीकडं वळला.

ढोलकी उतरली होती हे रुखमाबाईलाही घाटावरच कळलं होतं. पण ती पदर सावरत चुलीकडं गेली.

चुलीपाशी धाकटी जाऊ शकुबाई उडदाचे वडे तळत होती. चांद्याहून येताना तिनं पावडरीचा डबा आणि नवऱ्याचे सगळे हुकूम बरोबर आणले होते. "मोठ्या बाई, पाव्हने काई बी इचारोत, तुमी नुसतं हासा," तिनं बजावलं. "बोलाचं काम मास्तरांचं." मग जरा वेळानं, वडा उलटत, थोरल्या दिराचा विषय काढत, आवाज खाली घेऊन ती म्हणाली, "खरंच लय चांगले नाचत का वो भासरे?"

"वडा जळून राह्यला," रुखमाबाई म्हणाली.

ऊन वर आलं आणि धुकं विरलं, तशी पाहुण्यांची बैलांची रेंगी दारात उभी राहिली. धानोऱ्याकडची माणसं. मुलगा तिकडच्या लाकडाच्या डेपोत कारकून होता आणि त्याची नजर स्वतःच्या नव्या बुटांवरून हलत नव्हती. बरोबर त्याचा बाप इतवारी, खांद्यावर उपरणं, मिशा पिकलेल्या. आणि आत्या बायजाबाई. हिला पाहताच शकुबाईनं ओळखलं, की कारभार हिच्या हातात आहे.

सगुणा आली, पाटावर बसली, नाव सांगितलं, सुपारी कातरली. मुलानं बुटांवरून नजर काढून एकदा वर पाहिलं आणि त्याचे कान तांबडे झाले. तेवढं पुरेसं होतं. गुणवंतराव टोपी सारखी करत पुस्तकी मराठीत म्हणाले, "आमच्याकडे शिक्षणाला फार महत्त्व. घराण्याला कसलंही व्यसन नाही, कसलाही नाद नाही."

"चांगलं हाय जी," इतवारी म्हणाला. पण त्याचा कान दुसरीकडंच होता. तलावापलीकडून आता डफही सुरू झाला होता. म्हाताऱ्याचं बोट गुडघ्यावर हळूहळू पडत होतं. "मास्तरजी, एक इचारू का? या गावात एक रंभा होती. नाच्याच होता, पन आमाले मानूस कधी दिसलाच नाई, रंभाच दिसली. मोहाची गौळन म्हने. म्या तीन मंडया पायल्या तिच्या. कोनाच्या घरची जी ती? हाय का अजून?"

मुखरू पत्रावळी मांडत होता. त्याच्या हातातली पत्रावळ जमिनीपासून वीतभर वर थांबली.

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे मास्तरांनी पोरांना किती वर्षं शिकवलं असेल. आज ती मूठ त्यांनी अशी आवळली की आतलं माणूसच चिरडलं. "ती?" मास्तर म्हणाले, "ती वारली. पटकीच्या साथीत. फार दिवस झाले."

मुखरूनं पत्रावळ खाली ठेवली, नीट सरळ केली आणि दुसरी घेतली. आत दाराआड रुखमाबाईनं चौकट धरली. नवरा मेला म्हणून तिला कुणी आजवर सांगितलं नव्हतं. आता सांगितलं ते सख्ख्या दिरानं, भरल्या घरात, पानसुपारीच्या तबकावरून. तिनं नकळत गळ्यातली पोत चाचपली.

"वारली!" इतवारीनं टोपी काढून मांडीवर ठेवली. "मले वाटे, मराच्या आधी एक डाव पाहीन."

पंगत बसली. नव्या तांदळाचा भात, लाखोळीचं वरण, वडे, घारगे. एका अंगाला मास्तर, मग मुलगा, मग इतवारी, आणि अगदी टोकाला मुखरू. बायजाबाई आतल्या दारात पाटावर बसून सगळ्यांवर नजर ठेवून होती. शकुबाई भात वाढून गेली. तुपाची वाटी घेऊन रुखमाबाई बाहेर आली, तेव्हा इतवारी पहिला घास कालवत होता. त्यानं तो तोंडात घातला नाही. पत्रावळीच्या बाहेर, जमिनीवर अलगद ठेवला.

"हे का दादा?" बायजाबाईनं विचारलं.

"रंभाचा," तो म्हणाला. "तिच्या गावात बसून जेवून राह्यलो. गेलेल्या जिवाले एक घास काढाव लागते."

रुखमाबाईच्या हातातली वाटी कलली आणि तूप तिच्या बोटावर आलं. पित्रांना काढतात तसा घास. आणि ज्याच्या नावानं काढला, तो चार हातांवर बसून खाली मान घालून मीठ शोधतोय. मुखरूनं त्या घासाकडं पाहिलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो नुसता दमल्यासारखा दिसत होता, आणि तेच तिला सोसवेना. एवढी वर्षं आपण दोघं मिळून हेच तर करत आलो, तिला वाटलं. रंभाला पत्रावळीच्या बाहेर ठेवत आलो.

दारामागं सगुणाच्या बांगड्या वाजल्या. रुखमाबाईला तीही ऐकू आली. वाकड्यातिकड्या भाकरी थापणारी पोर. तोंड उघडलं तर पुन्हा रेंगी फिरून जाईल. नाही उघडलं तर तो घास कावळा नेईल.

तलावापलीकडं डफ थांबला. एकटी ढोलकी चालत होती, आणि ओसरीवरची सगळी माणसं तिला पाण्यातून दिसावीत तशी लांब, हलती दिसत होती.

"थांबा बाई!" बायजाबाई म्हणाली. "तूप असं फुकट नाई भेटत. आमच्याकडं आदी नाव घ्याव लागते. घ्या मालकाचं नाव!"

मास्तर खुलले. वातावरण बदलायला बरं झालं. "घ्या वहिनी, घ्या."

रुखमाबाईचा एक ठरलेला उखाणा होता. चांदीचं ताट, रुप्याची वाटी, त्यात मुखरूरावांचं नाव. बारशाला, हळदीला, डोहाळजेवणाला ती तोच घ्यायची. तिनं तोंड उघडलं तेव्हा तोच येणार असं तिलाही वाटलं होतं. पण ढोलकीनं एक गिरकी घेतली, आणि तिच्या तोंडून सावकाश, अर्ध्या सुरात आलं,

"पाण्याले जाता जाता मोहानं अडवली वाट,
रंभा बसली पंगतीत, मीच वाढलं तिचं ताट."

कुणाच्या हातातला घास हलला नाही. मास्तरांचं तोंड पांढरं पडलं. मुखरूनं मान वर केली आणि बायकोकडं असं पाहिलं, की जणू ती आत्ताच कुठूनशी चालत आली होती.

"म्हंजे?" बायजाबाई गोंधळली. "म्या तं मालकाचं नाव घ्या म्हनलं. रंभा कोन मंग?"

आतून शकुबाईचा आवाज आला, आणि त्यात नवऱ्याच्या हुकमाचा मागमूस नव्हता. "आत्याबाई, बाईमानूस उखान्यात कोनाचं नाव घेते? समजून घ्या न आता!"

इतवारीनं पंगतीवरून नजर फिरवली. मास्तरांवरून पुढं गेली, टोकाला जाऊन थांबली. मुखरूची सरळ पाठ, लांब बोटं, पत्रावळीला धरायची रीत. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत आधी शंका आली, मग पाणी आलं. तो उठला. जमिनीवरचा घास हलकेच उचलून, फुंकून, मुखरूपाशी जाऊन उकिडवा बसला.

"जित्या मानसाचा घास कावळ्याले देत होतो म्या," तो म्हणाला. "खा बाप्पा. तुह्याच नावाचा हाय."

मुखरूनं तोंड उघडलं आणि इतवारीनं लहान पोराला भरवावा तसा घास भरवला.

"आन् तू तीन मंडया पायल्या म्हंते?" बायजाबाईला आता कुठं उलगडत होतं. "म्हंजे त्या साली तू बैल पाहाले नवता गेला?"

"बैलबी पायले," इतवारी आपल्या जागेवर परतत म्हणाला. "गंमत सरल्यावर."

शकुबाई आत खदखदून हसली. सगुणाही हसली असावी, कारण मुलाचे कान पुन्हा तांबडे झाले. इतवारी मास्तरांकडं वळला. "पोरगी पसंत हाय, मास्तरजी. तुमचाच तेवढा इचार करा लागन. जित्या भावाले पटकीनं मारता जी तुमी?"

गुणवंतरावांनी टोपी काढली. डोक्यावर ती नसली की ते फार लहान दिसत. "भाऊ," ते म्हणाले, आणि त्यांची पुस्तकी मराठी पार कुठच्या कुठं गेली. "मले वाटलं, पोरीचं..."

"जेव," मुखरू म्हणाला. "भात निवून राह्यला."

मास्तर जेवले. भाताबरोबर त्यांनी आणखी काय काय गिळलं, ते त्यांचं त्यांना माहीत.

जेवणं झाल्यावर पाहुण्यांना मंडई दाखवायला न्यायची रीत आहे. शकुबाई पावडर लावायला आरशाकडं धावली. इतवारी रेंगीशी उभा राहून हाका मारत होता. मुखरू परसात हात धुवायला आला तेव्हा रुखमाबाई लोटा घेऊन रांजणापाशी उभी होती. तिच्या बोटांवरचं तूप अजून तसंच होतं.

"तुले लाज वाटे, असं समजलो म्या," तो म्हणाला. "त्या दिवशी पदर दातात धरला होता न तू?"

"रडू येऊन राह्यलं होतं मले," ती म्हणाली. "सासू समोर होती. रडू कशी?"

पाण्यावरून ढोलकी येत होती. आता तिच्यात डफ मिसळला होता, तुणतुणं मिसळलं होतं आणि इनायतचा हात उन्हानं चांगला तापला होता. कुणी नवं पोर गौळण म्हणत होतं. ते मोहापाशी येऊन घाईघाईनं पुढं गेलं, थांबलंच नाही.

"चुकला," रुखमाबाई म्हणाली. "तिथं थबकाव लागते."

मुखरूचे खांदे सैल झाले. कंबर एका अंगाला किंचित गेली, मान कलली, आणि पांढऱ्या केसांचा, धोतर नेसलेला तिचा नवरा रांजणापाशी कुठं दिसेना. त्यानं ओंजळ पुढं केली आणि गमतीतल्या त्या बारीक, लाडिक आवाजात, जो तिनं मोहाच्या झाडाखाली ऐकला होता आणि ह्या घरात कधीच ऐकला नव्हता, म्हणाला,

"बाई, पानी पाज वो."

ती हसली, आणि अर्धं पाणी त्याच्या पायावर गेलं.